निकाल घसरला, तरी काम चांगलं? सरकारी अधिकाऱ्याचं नेतृत्व नेमकं मोजतात कसं, समजून घ्या नांदेड-लातूरच्या उदाहरणांतून

जिल्ह्याचा दहावी-बारावीचा निकाल एका वर्षात घसरला, तर जिल्हाधिकाऱ्याला शाबासकी मिळेल की कारणे दाखवा नोटीस?

प्रश्न गंमतीचा वाटेल, पण नांदेडमध्ये अशी वेळ खरंच आली होती. २०१० च्या सुमाराला डॉ. श्रीकर परदेशी नांदेडचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी दहावी-बारावीच्या परीक्षेत कॉपीमुक्त अभियान राबवलं. कॉपी बंद झाली आणि निकाल खाली आला. त्यानंतर हेच अभियान राज्य सरकारने महाराष्ट्रभर नेलं.

म्हणजे फक्त आकडा बघणाऱ्याला तो जिल्हा मागे गेलेला दिसला असता. प्रत्यक्षात जिल्ह्यात पहिल्यांदाच खरा आकडा समोर आला होता.

हे आठवायचं कारण म्हणजे आपल्याकडे चांगला अधिकारी कोण, हे ठरवायच्या दोनच पद्धती सध्या जोरात आहेत. एक, दिल्लीत २१ एप्रिलला मिळणारा पुरस्कार. दुसरी, तुमच्या मोबाईलवर येणारं रील. मागे दणदणीत गाणं, स्लो मोशनमध्ये गाडीतून उतरणारे साहेब आणि खाली 'रिअल सिंघम' अशी ओळ. दोन्हींमध्ये जे दिसतं ते खोटं असतं असं नाही. पण जे दिसत नाही ते फार मोठं असतं, आणि नांदेड-लातूरच्या गेल्या ३०-३५ वर्षांत त्याची उदाहरणं भरपूर आहेत.

२१ एप्रिलला नेमकं काय असतं?

२१ एप्रिल १९४७ ला सरदार वल्लभभाई पटेलांनी दिल्लीच्या मेटकाफ हाऊसमध्ये प्रशासकीय सेवेच्या प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांसमोर भाषण केलं होतं. त्याची आठवण म्हणून २००६ पासून हा दिवस नागरी सेवा दिन म्हणून साजरा होतो. त्याच वर्षी लोक प्रशासनातल्या उत्कृष्ट कामासाठी पंतप्रधान पुरस्कारांची योजनाही आली.

सुरुवातीला हा पुरस्कार अधिकाऱ्याला, अधिकाऱ्यांच्या गटाला किंवा संस्थेला दिला जायचा. २०१४ मध्ये रचना बदलली आणि सगळा भर जिल्ह्यावर आला. केंद्र सरकार काही योजना निवडतं आणि त्या योजनांमध्ये जिल्ह्याने काय केलं ते तपासलं जातं. २०२० मध्ये पुन्हा फेरबदल झाले. अलीकडच्या वर्षांत पुरस्कारात मानचिन्ह, मानपत्र आणि २० लाख रुपये असतात. हे २० लाख साहेबांच्या खात्यात जात नाहीत. ते जिल्ह्याला किंवा संस्थेला मिळतात आणि लोकहिताच्या कामावरच खर्च करायचे असतात.

निवड कशी होते? जिल्हा स्वतः पोर्टलवर अर्ज करतो. छाननी समिती यादी छोटी करते, मग तज्ज्ञांची समिती येते, शेवटी कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती शिफारस करते आणि पंतप्रधान मंजुरी देतात. मधल्या टप्प्यावर कॉल सेंटरमधून लाभार्थ्यांना फोन करून 'तुम्हाला लाभ मिळाला का' हेही विचारलं गेलेलं आहे.

राज्यात राजीव गांधी प्रशासकीय गतिमानता अभियानाचे पुरस्कार आहेत. १ ऑगस्टच्या महसूल दिनाला तलाठ्यापासून उपजिल्हाधिकाऱ्यापर्यंत सत्कार होतात. ग्रामसेवक, शिक्षक यांचे आदर्श पुरस्कार वेगळे.

आणि पद्म पुरस्कार? तो नोकरीत असताना मिळत नाही. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडले तर सेवेतले सरकारी कर्मचारी पद्मसाठी पात्रच नसतात. इतकंच काय, गावकऱ्यांनी स्टेज बांधून शाल-श्रीफळ देऊन जाहीर सत्कार करायचा म्हटला, तरी अखिल भारतीय सेवेतल्या अधिकाऱ्याला त्यासाठी सरकारची आधी परवानगी लागते. १९६८ च्या आचरण नियमांमध्ये तशी तरतूद आहे. खाजगी स्वरूपाचा साधा निरोप समारंभ तेवढा चालतो. जेसीबीवरून फुलं उधळण्याबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही, १९६८ मध्ये कुणाला सुचलंही नसेल.

नांदेडमध्ये काय झालं होतं?

मराठवाड्यातल्या परीक्षा केंद्रांचं तेव्हाचं चित्र ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. खिडकीतून चिठ्ठ्या, कंपाउंडच्या भिंतीवर नातेवाईक, केंद्राशेजारी झेरॉक्सवाल्याचा हंगाम. कायदा नव्हता असं नाही. परीक्षेतले गैरप्रकार रोखणारा महाराष्ट्राचा कायदा १९८२ चा आहे. पण कायदा वापरायचा कुणी? कॉपीमध्ये विद्यार्थी एकटा नसतो. निकालावर शाळेचं नाव टिकतं, पालकांना टक्के हवे असतात, संस्थाचालकांना पुढच्या वर्षीचे प्रवेश हवे असतात. सगळ्यांचंच भलं होतंय असं वाटत असताना ते थांबवणारा माणूस एकटा पडतो.

जिल्हाधिकाऱ्याने इथे केलं ते एवढंच की परीक्षा हा फक्त शिक्षण खात्याचा विषय राहू दिला नाही. महसूल, पोलीस आणि जिल्हा परिषद यांना एकत्र आणून निवडणुकीसारखी यंत्रणा लावली. भरारी पथक येऊन जातं आणि ते गेलं की पुन्हा सुरू, हा खेळ सगळ्यांना माहीत होता. त्यामुळे पूर्ण पेपरभर केंद्रावर बसून राहणाऱ्या बैठ्या पथकांवर भर दिला गेला.

निकाल घसरला त्याचा फटका खऱ्या मुलांना बसला, हे विसरून चालणार नाही. ज्या पोरांना वर्षभर कुणी शिकवलंच नव्हतं, त्यांची कॉपीची काठी एका वर्षात काढून घेतली गेली. नापासाचा शिक्का त्यांच्या मार्कशीटवर बसला, शिकवलं नाही त्यांच्या नोकरीवर नाही. या अभियानावरचा हा सगळ्यात गंभीर आक्षेप आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही. दुसऱ्या बाजूला, कॉपी न करता ६० टक्के मिळवणाऱ्या मुलीच्या शेजारी चिठ्ठी लावून ८० टक्के मिळवणारा बसत होता, आणि तिच्या हक्काची कॉलेजची जागा तो नेत होता, हेही खरं होतं.

फक्त कागदावर असलेली मुलं

कॉपीपेक्षा मोठा विषय त्यानंतर आला. शाळेच्या हजेरीपटावर जेवढी मुलं आहेत, तेवढी वर्गात बसतात का?

वरवर साधा प्रश्न आहे, पण त्यावर पैशाचं सगळं गणित उभं असतं. पटसंख्येवर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. शिक्षकांचे पगार, अनुदान, पोषण आहाराचा तांदूळ, गणवेश, पुस्तकं हे सगळं पटावर चालतं. पटावर ४० बोगस नावं चढवली की एक अख्खा शिक्षक 'तयार' होतो. ती नेमणूक कशी होते हे मराठवाड्यातल्या डी.एड. झालेल्या कुठल्याही बेरोजगार पोराला विचारा.

नांदेडमध्ये एकाच वेळी शाळाशाळांत जाऊन मुलं मोजली गेली आणि मोठ्या संख्येने विद्यार्थी फक्त कागदावरच असल्याचं दिसलं. त्यानंतर राज्य सरकारने ३ ते ५ ऑक्टोबर २०११ असे तीन दिवस महाराष्ट्रभर पट पडताळणी केली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली गेली. ५० टक्क्यांहून जास्त विद्यार्थी गैरहजर सापडलेल्या शाळांवर कारवाईचा विषय पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला.

आता हे काम पुरस्काराच्या अर्जात कसं भरणार? 'किती लाभार्थी वाढले' या रकान्यात इथे लाभार्थी कमी झालेले आहेत. 'योजनेवर किती खर्च झाला' या रकान्यात खर्च वाचलाय. आपल्या बहुतेक योजनांचं मोजमाप वाढीवर चालतं. कमी करून दाखवण्याचं काम, तेही प्रामाणिकपणे, त्यात बसत नाही. खोटी नावं, बोगस कार्डं, बोगस विहिरी, बोगस फळबागा बाहेर काढणारा अधिकारी स्वतःच्याच जिल्ह्याचा आलेख खाली आणत असतो.

आणि म्हणूनच पटावरची मुलं मोजायला दिल्लीहून कुणी सांगावं लागलं नव्हतं, हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे. नेतृत्व म्हणतात ते बहुधा इथे असतं. नेमून दिलेलं काम वेळेत करणं ही कार्यक्षमता झाली. कुणी मागितलेलं नसताना, नुकसान होणार हे माहीत असताना, आपल्या अधिकारातली गोष्ट हातात घेणं ही वेगळी गोष्ट आहे.

लातूर, १९९३: एका कलेक्टरची गोष्ट की शेकडोंची?

आता नांदेडहून शेजारच्या लातूरला येऊ. इथे अडचण वेगळी आहे. काम एवढं मोठं आणि एवढं लांबलं की श्रेय नेमकं कुणाच्या नावावर लिहायचं हेच कळत नाही.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र संपत आलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. लातूरच्या औसा-निलंगा आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या उमरगा भागात गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. जाडजूड दगडी भिंती आणि वर मातीचं धाब्याचं छत, अशी ती घरं. झोपेतली माणसं त्याखाली गेली. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत ८ ते १० हजारांच्या दरम्यान सापडतो.

लातूरचे जिल्हाधिकारी तेव्हा प्रवीणसिंह परदेशी होते. (आडनाव तेच, पण नांदेडवाले श्रीकर परदेशी वेगळे. गल्लत होते म्हणून सांगितलं.) भूकंपाच्या पुनर्वसनाचा मराठवाड्यातला चेहरा म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पुढे त्यांनी संयुक्त राष्ट्रांत आपत्ती व्यवस्थापनाच्या क्षेत्रात काम केलं. पण मंत्रालयातून पुनर्वसनाची धुरा सांभाळणारे सचिव जॉनी जोसेफ यांचं नाव किल्लारीबाहेर आज किती जणांना आठवतं? तहसीलदार, तलाठी, अभियंते, लष्कराचे जवान आणि ढिगारे उपसणारे स्वयंसेवक यांची नावं तर कुठल्या यादीतही सापडायची नाहीत.

जागतिक बँकेच्या मदतीने जो पुनर्वसन प्रकल्प झाला तो १९९४ पासून १९९८ पर्यंत चालला आणि १३ जिल्ह्यांत पसरलेला होता. सर्वात जास्त उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घर किती मोठं मिळणार हे आधीच्या जमिनीवर ठरलं. भूमिहीनांना आणि अगदी थोडी जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्यांना ४०० आणि मोठ्या जमीनदारांना ७५०. इतर हजारो घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. त्यासाठी गावातल्याच बायकांना 'संवाद सहायक' नेमलं गेलं. सिमेंट-सळईचा हिशोब, गवंड्याचं काम नीट होतंय का आणि पुढचा हप्ता कधी मिळणार हे त्या घराघरांत जाऊन समजावून सांगायच्या. १९९० च्या दशकातल्या मराठवाड्यात बांधकामावर बायकांनी देखरेख करायची, ही छोटी गोष्ट नव्हती.

हे यश होतं का? बऱ्याच अंशी हो. २००१ मध्ये भुजला भूकंप झाला तेव्हा लातूरचा अनुभव अभ्यासला गेला. पण नव्या गावांवर टीकाही झाली आणि ती रास्त होती. सरळ रेषेतले रस्ते आणि एकसारख्या घरांच्या रांगा. जुन्या गावात जोता, ओसरी, गल्ली, भावकी यांचं जे होतं ते नव्या आखणीत बसलं नाही. गावं पसरट झाली, काहींना शेत लांब पडलं, आणि एवढे रस्ते, नळ, दिवे सांभाळायचा खर्च ग्रामपंचायतीच्या अंगावर आला.

यातली एकही गोष्ट १९९४ मध्ये कळणं शक्य नव्हतं. घर बांधून झालं हे एका वर्षात दिसतं. लोक त्यात १० वर्षांनी कसे राहतात, हे दिसायला १० वर्षं लागतात. आणि पुरस्कार दरवर्षी द्यायचा असतो.

पाण्याची रेल्वे: जे दिसलं आणि जे दिसलं नाही

लातूर पुन्हा देशभर गाजलं ते २०१६ मध्ये. मांजरा धरण कोरडं पडलं, शहराला पाणी नाही. पाणवठ्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जिल्हाधिकारी पांडुरंग पोले यांनी मार्चमध्ये जमावबंदीचं कलम १४४ लागू केलं. पाण्यासाठी जमावबंदी, ही बातमी परदेशी वाहिन्यांनीही चालवली.

मग आली 'जलदूत'. कोट्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये वाफेने धुतलेल्या टाक्या, मिरजेत कृष्णेचं पाणी भरायचं आणि सुमारे ३४० किलोमीटरवरच्या लातूरला आणायचं. १२ एप्रिल २०१६ ला पहिली गाडी पोचली. १० टाक्या, प्रत्येकीत ५० हजार लिटर, म्हणजे एकूण ५ लाख लिटर. काही दिवसांनी ५० टाक्यांची गाडी सुरू झाली, एका फेरीत २५ लाख लिटर. पावसाळ्यापर्यंत शंभरहून अधिक फेऱ्यांत सुमारे २६ कोटी लिटर पाणी आलं.

इथे जरा कॅल्क्युलेटर काढा. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या घरात होती. ५ लाख लिटरची पहिली गाडी म्हणजे माणशी सव्वा लिटर. ५० टाक्यांची गाडी म्हणजे माणशी साडेसहा लिटरच्या आसपास. अर्धी घागर.

रेल्वेला कमी लेखायला हे सांगितलेलं नाही. त्या उन्हाळ्यात ते पाणी जीवनदायी होतं आणि 'सरकार काहीतरी करतंय' हा धीरही शहराला हवा होता. पण उरलेलं पाणी कुठून आलं? डोंगरगाव, माकणीचं निम्न तेरणा, भंडारवाडी अशा ठिकाणांहून, टँकरने. कुठला टँकर कुठल्या वॉर्डात, किती दिवसांनी, वाटेत पाणी विकलं तर जात नाही ना, भरताना मारामारी झाली तर कोण जाणार, हे रोजचं काम महिनोन्महिने कुणीतरी करत होतं. महापालिकेचे पाणीपुरवठा अभियंते, नायब तहसीलदार, टँकरवर बसवलेले कर्मचारी. स्टेशनवरच्या फोटोत ते नाहीत.

त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी वर्गणी काढून 'जलयुक्त लातूर' नावाने मांजरा नदीचं पात्र खोल-रुंद करायला घेतलं. पुढे सप्टेंबरअखेरच्या पावसात मांजरा भरलं आणि विषय मागे पडला.

मागे पडला तो खरा प्रश्न. दुष्काळ एका वर्षात येत नाही. धरणातलं पिण्याचं पाणी वेळेत राखून ठेवणं, गळकी पाईपलाईन बदलणं, मांजरा खोऱ्यात ऊस किती असावा यावर अप्रिय बोलणं, ही कामं नीट झाली तर पाण्याची रेल्वे लागतच नाही. आणि रेल्वे लागली नाही तर बातमी होत नाही. संकट निस्तरणारा अधिकारी दिसतो, संकट येऊच न देणारा दिसत नाही. पुरस्कार समितीपुढे 'माझ्या जिल्ह्यात काहीच घडलं नाही' असा अर्ज कोण करणार?

गोपनीय अहवाल काय सांगतो?

पुरस्कार सोडा, दरवर्षीचं मूल्यमापन तर असतंच की. अखिल भारतीय सेवेतल्या अधिकाऱ्यांसाठी २००७ चे नियम आहेत. वर्षाच्या कामाचा अहवाल लिहिला जातो आणि १ ते १० मध्ये गुण दिले जातात. एक अधिकारी लिहितो, दुसरा तपासतो, तिसरा स्वीकारतो. राज्याच्या कर्मचाऱ्यांचा गोपनीय अहवाल असतो आणि त्यात 'अतिउत्कृष्ट' म्हणजे अ+ पासून खाली प्रतवारी असते.

अडचण अशी की वाईट शेरा लिहिला तर तो कळवावा लागतो, त्यावर अपील होतं, कारणं द्यावी लागतात. उत्कृष्ट लिहिलं तर कुणी विचारत नाही. त्यामुळे ऑफिसात 'उत्कृष्ट' हा शब्द कॉलेजमधल्या 'प्रॅक्टिकलचे पूर्ण मार्क' यासारखा झालाय. साधं 'चांगला' लिहिलं तरी घात होतो. देवदत्त नावाच्या अभियंत्याच्या खटल्यात हेच झालं होतं. बढतीसाठी 'अतिशय चांगला' शेरा हवा होता, एका वर्षी फक्त 'चांगला' मिळालेला, आणि तो त्यांना कळवलाच नव्हता. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चांगली असो वा वाईट, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे.

पारदर्शकता आली हे बरंच झालं. पण बहुतेकांना 'उत्कृष्ट' मिळत असेल, तर त्यातून खरा उत्कृष्ट कोण हे ओळखायला अहवालाचा उपयोग उरत नाही.

अमेरिकेत काय करतात?

तिथे १९७८ च्या कायद्याने वरिष्ठ कायम अधिकाऱ्यांची एक स्वतंत्र सेवा तयार झाली आणि त्यांच्यासाठी राष्ट्राध्यक्षांचे दर्जा पुरस्कार सुरू झाले. दोन पायऱ्या आहेत. वरची पायरी या अधिकाऱ्यांपैकी फार तर १ टक्क्याला मिळू शकते आणि सोबत मूळ वेतनाच्या ३५ टक्के रक्कम. खालची पायरी फार तर ५ टक्क्यांना, २० टक्के रकमेसह. सरकार बदललं की येणारे-जाणारे राजकीय नेमणुकीतले लोक यात बसत नाहीत. नामांकन अधिकाऱ्याची संस्था करते आणि सरकारबाहेरच्या नागरिकांची मंडळं ते तपासतात.

यातला घेण्यासारखा मुद्दा पैशाचा नाही. तिथे एका योजनेचं एका वर्षाचं काम न बघता दीर्घकाळ टिकलेलं काम बघायचं असतं. आणि 'किती टक्क्यांना' ही मर्यादा आधीच ठरलेली असते, त्यामुळे 'सगळेच उत्कृष्ट' होत नाही. त्या पद्धतीतही वशिला, राजकारण नसेल असं समजायचं कारण नाही. शिवाय तिथला अधिकारी वर्षानुवर्षं एकाच खात्यात असतो, त्यामुळे त्याचं दीर्घकाळचं काम मोजता तरी येतं.

आपल्याकडे घोडं इथेच अडतं. महाराष्ट्राचा बदल्यांचा कायदा २००५ चा आहे आणि त्यात एका पदावरचा साधारण कालावधी ३ वर्षं धरलाय. ३१ ऑक्टोबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. आर. सुब्रमणियन खटल्यात किमान कालावधी ठरवा आणि बदल्यांसाठी नागरी सेवा मंडळं नेमा, असंही सांगितलं. त्यानंतर चारच महिन्यांत, फेब्रुवारी २०१४ मध्ये, श्रीकर परदेशींची पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या आयुक्तपदावरून बदली झाली. तिथे ते मे २०१२ मध्ये आले होते आणि बेकायदा बांधकामांवर कारवाई करत होते. बदलीविरोधात लोक रस्त्यावर उतरले, बदली काही थांबली नाही. पुढे ते पंतप्रधान कार्यालयात गेले, म्हणजे करिअरचं नुकसान झालं असं म्हणता येणार नाही. अर्धवट राहिलं ते शहरातलं काम.

मग पुढच्या वेळी एखाद्या अधिकाऱ्याचं रील समोर आलं तर त्यात काय बघायचं? ते साहेब जाऊन दोन वर्षं झाली असतील तर सोपं आहे. त्यांनी सुरू केलेली गोष्ट त्यांच्या जागी आलेल्या माणसाने चालू ठेवली का, हे गावातल्या कुणालाही विचारता येतं. नांदेडच्या बाबतीत त्याचं उत्तर अर्धं-अर्धं आहे. कॉपीमुक्त अभियान आज सरकारी परिपत्रकात दरवर्षी असतं, शाळांची पटसंख्या 'सरल' पोर्टल आणि आधारशी जोडली गेलीये. आणि मराठवाड्यातल्या केंद्रांच्या भिंतीवर चढलेल्या माणसांचे व्हिडिओही दर फेब्रुवारी-मार्चला येतच असतात.